ठिपक्यांचे डबे

लोणच्याच्या बरणीला दादरा बांधायचा म्हणजे दोघं लागतात. बरणीच्या तोंडावर धुतलेलं फडकं ताणून बसवायचं, त्याला दोरीचे वेढे द्यायचे, आणि शेवटी गाठ मारताना कुणीतरी दोरीवर बोट दाबून धरायचं. ते बोट माझं. लग्न झाल्यापासून दर उन्हाळ्याच्या शेवटी मी ते काम करत आलो. दुसरं काही बायको मला स्वयंपाकघरात करू देत नव्हती.

"बोट ठेवा."

"ठेवलंय."

"दाबून ठेवा. लोण्यावर ठेवल्यासारखं काय ठेवता?"

मी दाबलं. तिनं गाठ आवळली ती माझ्या बोटासकट. दरवर्षी आवळते. मी ओरडलो की हसते आणि म्हणते, "अडकला बघा उंदीर." मग गाठ सैल करते, मी बोट काढतो, ती परत आवळते. त्या दिवशीही सगळं तसंच झालं. बरणी भिंतीकडं सरकवली आणि मला बजावलं, "रोज सकाळी कोरड्या चमच्यानं खालीवर करायचं. मुरलं की घोटीला पोरीकडं न्यायचं. काचेच्या बाटलीत न्यायचं. ऐकताय नं?"

"ठाऊक हाय गं."

"ठाऊक हाय म्हणता आन् परवा गरम भजी प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन आला. तेल सुटलं होतं पिशवीला."

"भजी तू पण खाल्ली."

"दोनच खाल्ली. बाकीची कुणी खाल्ली?"

हे आमचं शेवटचं भांडण. भज्यांवरून झालं, बरं झालं. दुपारी भाकरी खाल्ली, "जरा पडते" म्हणाली आणि खाटेवर आडवी झाली. चहाच्या वेळेला मी हाक मारली. परत मारली. मग जवळ गेलो. कोपऱ्यावरच्या डॉक्टरला बोलावलं, तो म्हणाला हृदय बंद पडलं, तिला कळलंही नसेल. यावर मी जास्त लिहीत नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंत, आणि रडण्याबद्दल लिहायला चौथी पुरत नाही. मला लिहायचंय ते डब्यांचं. कारण ती गेली त्या रात्री आमच्या घरी जे डबे आले, ते बघून मला काय वाटलं ते या गल्लीबाहेरच्या माणसाला कळायचं नाही. त्यासाठी मागचं सांगावं लागेल.

मी अंबडच्या बाजूला एका प्लास्टिकच्या कारखान्यात मशीनवर होतो. वरून दाणा ओतायचा, तो आत वितळायचा, साचा मिटायचा, साचा उघडायचा, की गरम डबा हातात. झाकणं वेगळी, डबे वेगळे. कधी रंगात दुसऱ्या रंगाचा डाग यायचा, कधी डब्याचं तोंड वाकडं व्हायचं. तसला रिजेक्ट माल पुन्हा दळून वापरायचे, पण सणासुदीला शेट म्हणायचा, न्या रे थोडा घरी. इंदिरानगरच्या कडेला आमची खोल्यांची रांग आहे, तिथं मी ते डबे आणायचो.

तेव्हा प्लास्टिकचं मोठं कौतुक होतं. पडलं तर फुटत नाही, पोचा येत नाही, कल्हई नको, चिंचेनं घासणं नको. बायकोनं घरातली पितळेची भांडी मोडीत घातली आणि फळीवर माझे डबे मांडले. लाल, निळे, पोपटी, एक तर जांभळ्यात पिवळा घुसलेला. रंगपंचमी झाल्यासारखी फळी दिसायची. आली गेली बाई आधी फळी बघायची, मग बायकोची तब्येत विचारायची.

एकच खोड होती. रिजेक्ट माल तो. या डब्याचं झाकण त्या डब्याला बसायचं नाही. रोज सकाळी माझा जेवणाचा डबा भरताना झाकणांची मारामारी. मग बायकोनं पोरीच्या नेलपॉलिशची बाटली घेतली आणि जोड्या लावल्या. डब्यावर एक ठिपका, त्याच्या झाकणावर एक. दुसऱ्यावर दोन आणि दोन. पुढं पुढं तर ठिपक्यांची फुलं झाली. पोरगी बोंबलायची, "आई, माझी बाटली संपली!" बायको म्हणायची, "तुझी नखं लग्नापर्यंत वाढतील. झाकण आज हरवतंय."

ती पोरगी, आमची एकुलती एक, घोटीला दिली. जावई भाताच्या गिरणीत कामाला. साधा माणूस, बोलतो कमी, खातो बरोबर. वर्ष झालं नाही तोच पोरीला दिवस गेल्याचा निरोप आला. बायकोचे पाय जमिनीला लागेनात. दर सुट्टीला मी एसटीनं घोटीला जायचो आणि हातात डबा असायचा. मटणाचा रस्सा, चिंचगुळाची आमटी, जे पोरीनं मागितलं ते. चुलीवरून काढलेलं तसंच डब्यात. इतकं गरम की डबा मऊ पडायचा, झाकण दाबून बसवावं लागायचं. वर फडकं बांधायचं आणि मी मांडीवर घेऊन बसायचो. घोटी येईपर्यंत मांडी भाजून निघायची.

पोरगी एकदा म्हणाली, "आबा, रश्श्याला तुमच्या कारखान्याचा वास येतो."

मी म्हणालो, "मग माझी आठवण येईल."

तिसऱ्या महिन्यात तिचं पोट पडलं.

पोरगी आठवडाभर येऊन राहिली, झोपली, उठली, परत गेली. बायको तिच्या केसांना तेल लावायची, दुसरं काय करणार. मीही कामाला जायचो, यायचो. आमच्यात बोलायला सगळ्यात जास्त बायकोच होती आणि तीच गप्प झाली, म्हणजे घर बंद पडल्यासारखं झालं.

पुढं एका पौर्णिमेला विहारात बायकांसाठी एक डॉक्टरीणबाई बोलायला आल्या. आमच्या गल्लीतून आम्ही दोघंच गेलो होतो, मीही मागं भिंतीला टेकून बसलो होतो. बाई रक्त वाढवायचं सांगत होत्या, पालेभाज्या, गूळ, झोप. बोलता बोलता म्हणाल्या, गरम आणि आंबट खाणं प्लास्टिकमध्ये भरू नका. प्लास्टिकमधलं काही काही अन्नात उतरतं आणि शरीरातल्या ग्रंथींच्या कामात लुडबूड करतं असं म्हणतात. किती उतरतं, किती बाधतं, याचा तपास अजून चाललाय.

बायको उभी राहिली. सगळ्या बायकांसमोर. मला वाटलं पाणी मागते.

"बाई, पोटुशी पोरीला गरम रस्सा प्लास्टिकच्या डब्यात दिला, तर तिचं पोट पडतं का?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, "मावशी, तुमच्या डब्यामुळं गेलं असं कुणीही सांगू शकणार नाही. पहिल्या महिन्यांत असं पुष्कळांचं होतं आणि कारण सापडत नाही. मनाला लावून घेऊ नका. पण पुढच्या वेळी गरम, आंबट, तेलकट त्यात भरू नका. त्यात तुमचा काही तोटा नाही."

आता गंमत बघा. मी पहिलं वाक्य ऐकलं आणि बायकोनं शेवटचं. घरी जाताना रस्त्यात जुंपली.

"म्हणजे माझ्या कारखान्यानं नातवंड खाल्लं म्हणतेस तू?"

"मी तसं म्हणत नाय."

"मग काय म्हणतेस?"

"डबा मी भरला, तुम्ही नेला. आता मी भरणार नाय आन् तुम्ही नेणार नाय. इतकंच म्हणते."

"बाई म्हणाल्या नं, कुणी सांगू शकत नाय म्हणून?"

"मग तुम्ही तरी कसं सांगता, त्याच्यानं झालं नाय म्हणून?"

तिचं ठरलं होतं. पोरीला पुन्हा दिवस जातील तेव्हा या घरातून एक घासही प्लास्टिकमधून जाणार नाही. तिला दुसरं काही नको होतं. पोरीचं मूल धड जन्माला यावं आणि आपल्या हातून त्यात काही कमी पडलं असं परत वाटू नये.

दुसऱ्या दिवशी फळी रिकामी झाली. मी कामावरून आलो तर सगळे डबे अंगणात धुऊन उपडे घातलेले.

"एवढं काय विष हाय का ते? मी इतकी वर्षं त्या मशीनचा वास घेतोय. मला काय झालं?"

"ऐकायला कमी येतं, आन् सांगितलेलं डोक्यात शिरत नाय. अजून काय व्हायचं राहिलंय?"

"आन् न्हाणीतली बादली? ती पण टाक."

"बादलीत आपण कढी करत नाय."

ती अशी होती. बादली ठेवली, आंघोळीचा मग ठेवला, कपड्यांचे चिमटे ठेवले. गरम नाही, खाणं नाही, तिथं तिचं काही म्हणणं नव्हतं. पण डबे गेले. आणि धडधाकट वस्तू उकिरड्यावर टाकायला तिचा हात होईना. मग तिनं ते गल्लीत वाटले. बायका खूश. समोरच्या खोलीत एक मोठ्या आवाजाची बाई राहते, सगळी गल्ली तिला मावशी म्हणते, तिनं तर फुलांच्या ठिपक्यांचा अख्खा संच उचलला. माझी कमाई दारादारांतून चाललेली बघत मी ओट्यावर बसून राहिलो.

डब्यांच्या जागी भांडी पाहिजेत. त्यासाठी डोक्यावर पाटी घेऊन फिरणाऱ्या भांडीवाल्या बाईला बायकोनं धरलं, जुने कपडे घेऊन भांडी देणारी ती. जुने कपडे संपले तरी स्टीलचं एक मोठं पातेलं घ्यायचं राहिलं होतं. तेव्हा तिनं पोरीच्या लग्नात शिवलेला माझा सफारी काढून दिला. मी संध्याकाळी कपाट उघडलं तर हँगर हलतोय.

"माझा सफारी कुठाय?"

"त्यात भात शिजतोय."

"अगं एकदाच घातला होता मी तो!"

"एकच पोरगी होती. आता कुणाचं लग्न लावायचंय तुम्हाला?"

कारखान्यातही माझी फजिती सुरू झाली. आमचा चारचा चहा टपरीवरून प्लास्टिकच्या पिशवीत यायचा, वरून दोरा बांधलेला, फुग्यासारखा. बायकोनं मला बारकी किटली दिली आणि स्टीलचा पेला. मी किटली घेऊन निघालो की पोरं म्हणायची, "निघाली बघा सासुरवाशीण, पाणवठ्यावर." मी म्हणायचो, चहाला चहाची चव लागते आता, तुम्ही प्या पिशवी. खरं सांगतो, चव लागायची. पण घरी मी ते कबूल केलं नाही.

दोन पावसाळे गेले आणि पोरीला पुन्हा दिवस गेले. या वेळी माझ्या मांडीवर स्टीलचा डबा असायचा. मांडी तेवढीच भाजायची, जास्तच. तिसरा महिना गेला, चौथा गेला. बायको कॅलेंडरकडं बघायची पण बोलायची नाही. सातव्यात पोरगी बाळंतपणाला माहेरी आली आणि आम्ही डोहाळजेवण करायचं ठरवलं.

अंगणात सतरंजी घातली. पोरीला हिरवी साडी, शेवंतीचे दागिने, बसायला शेजाऱ्यांची खुर्ची. बायकोनं सगळं घरी रांधलं होतं, सगळं स्टीलमध्ये. आणि मग गल्लीतल्या बायका यायला लागल्या. आमच्याकडं रीत आहे, पोटुशीला प्रत्येक घरातून तिच्या आवडीचं काहीतरी करून आणायचं. आणि दुसरी एक रीत आहे ती तर सगळीकडंच आहे. कुणाचा डबा आपल्याकडं आला की तो रिकामा परत द्यायचा नाही.

पहिली बाई आली. हातात पोपटी डबा, दोन ठिपके. दुसरी आली. निळा, एक ठिपका. मावशी तर फुलंच फुलं घेऊन आली. बायकांनी हिशेब सरळ केला होता. हिनं आपल्याला डबे दिले, तेव्हा रिकामे कसे द्यायचे? सांगून ठेवल्यासारखे सगळे डबे त्या दिवशी घरी परत आले, भरून. चिंचेचं सार, आळूचं पातळ, शेवयांची खीर, कढी. सगळ्यांतून वाफ निघतेय.

बायकोनं मला स्वयंपाकघरात ओढलं.

"अवो, आपलेच डबे हायत."

"दिसतंय मला. ठिपके बघूनच कळलं."

"सार हाय त्यात. गरम. आंबट."

"मग मी काय करू?"

तिनं इकडं तिकडं बघितलं आणि माझ्या हातात चमचा दिला. "तुम्ही खा."

"अगं, डोहाळजेवण माझं हाय का?"

"बाहेर आवाज जाईल. खा. मी ताटात आपलं वाढते, त्यांना वाटंल त्यांचंच हाय."

मी पाटावर बसलो आणि खायला लागलो. आधी सार प्यालो. मग आळू. खीर फार चांगली झाली होती, ती मी जरा मन लावून खाल्ली. बाहेर गाणी चाललेली, कुणी पोरीला चिडवतंय, मुलगा का मुलगी म्हणून. तेवढ्यात मावशी पाणी न्यायला आत आली. मी एका हातात तिचा फुलांचा डबा आणि तोंडात चमचा.

"अगं बाई! दादा, डोहाळे तुम्हाला लागलेत काय?"

ती इतक्या जोरात बोलली की अंगणातल्या सगळ्या बायका दारात. हशा पिकला. पोरगी पोट धरून हसत होती. मीही हसलो असतो आणि निभावलं असतं. पण मला आडवळणानं बोलता येत नाही. मी चमचा खाली ठेवला आणि म्हणालो, "प्लास्टिकमधलं गरम पोरीला चालत नाय. आमच्या मंडळींचा नेम हाय. म्हणून मला बसवलंय."

हसणं जागच्या जागी थांबलं.

मावशीनं डबा माझ्या पुढ्यातून उचलला. ठिपक्यांकडं बघितलं, मग बायकोकडं. आवाज खाली आणून बोलली, आणि मावशीचा आवाज खाली येतो तेव्हा घाबरायचं असतं.

"तुझ्या पोरीला चालत नाय. मग आमच्या पोरांना कसं चाललं? दोन वरसं मी ह्याच्यात दूध घालून ठेवते. नातवाचं दूध. देताना सांगितलं नाय तू."

बायकोच्या तोंडाचा रंग गेला. एवढ्या दिवसांत तिच्या हे मनातच आलं नव्हतं. माझ्याही नाही. आपल्या घरातून काढलं म्हणजे गेलं, असंच आम्ही धरलं होतं. ती म्हणाली, "मावशी, मी फक्त माझ्याच पोरीचं बघितलं." एवढंच. गोड बोलून सारवासारव केली नाही. दुसरी कुणी असती तर मला पुढं केलं असतं.

बायका तशाच उभ्या. पोरगी खुर्चीत, फुलांचे दागिने घातलेली, कुणाकडं बघावं तिला कळेना. मावशी डबा घेऊन ताडताड निघून गेली. मला वाटलं, संपलं. आता ही गल्ली आपल्याला बारशालाही यायची नाही.

आणि थोड्या वेळानं मावशी परत आली. हातात कल्हई केलेलं पितळी पातेलं, पदरानं धरलेलं, आत कढी उकळतेय. पोरीपुढं आदळलं. "घे. ह्यात तरी चालतंय का तुझ्या आईला? आन् दादांना देऊ नका, त्यांचं पोट भरलंय."

पोरगी दोन वाट्या कढी प्याली. मग बाकीच्याही बायका आपापले डबे उचलून घरी पळाल्या, कुणी लोखंडी कढईत परतून आणलं, कुणी ताटात. डोहाळजेवण दिवेलागणीपर्यंत चाललं. मला मात्र रात्रीचं जेवण मिळालं नाही. तुमचं झालं, म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून बायको घरोघर गेली. जिथं डबा दिला तिथं जाऊन सांगून आली. डाळ ठेवा, रवा ठेवा, बटणं, सुया, टिकल्या ठेवा. गरम नको, आंबट नको, तेलाचं नको, पोराचं दूध तर नकोच. एकदा सांगून भागत नाही तर पुन्हा जायची. कुणी म्हणे, "एवढं काय होतं गं त्यानं?" ही म्हणे, "मला ठाऊक नाय काय होतं. डॉक्टरीणबाईला पण पुरतं ठाऊक नाय. पण स्टीलनं काय होत नाय हे तर ठाऊक हाय नं?" ज्यांना नको झाले त्यांचे डबे परत घेतले, मला खिळा तापवून बुडाला भोकं पाडायला लावली, आणि कोथिंबीर पेरून परत दिले. रिकामे कसे द्यायचे. सगळ्या गल्लीच्या ओट्यांवर माझ्या कारखान्याचा माल रांगेनं उभा राहिला, वर कोथिंबीर आणि पुदिना. मावशीच्या फुलांच्या डब्यात सदाफुली लागली ती अजून आहे.

पोरीला मुलगी झाली. धडधाकट, काळीसावळी, आवाज मावशीवर गेलेला. आता यात स्टीलच्या डब्याचा हात किती आणि नशिबाचा किती, हे मी सांगू शकत नाही. बायकोही सांगत नव्हती. मी मुद्दाम टोचायचो, "तुझ्या डब्यामुळं झाली म्हण की." ती म्हणायची, "पोरीमुळं झाली. मी फक्त मध्ये आले नाय." नातीला दुधाची बाटलीही लावू दिली नाही. स्टीलचं चोचीचं बोंडलं आणलं, त्यानं पाजायची. मी पाजायला बसलो की अर्धं दूध नातीच्या गळ्यावर आणि अर्धं माझ्या लेंग्यावर. "चमच्यानं खीर तर बरी खाता येते तुम्हाला," असं म्हणून बोंडलं काढून घ्यायची. तो खिरीचा चमचा तिनं मला शेवटपर्यंत विसरू दिला नाही.

पुढं मी कारखान्यातून निवृत्त झालो. नात शाळेत जायला लागली. दर उन्हाळ्याच्या शेवटी बरणी भरायची, मी बोट द्यायचं, ती अडकवायची. तसंच परवा सकाळी झालं, ते वर सांगितलंच.

पोरगी, जावई, नात अंधार पडायच्या आत घोटीहून आले. गल्लीनं सगळं केलं. तिला पोचवून परत आलो तेव्हा दिवे लागून बराच वेळ झाला होता. दुःखाच्या घरात चूल पेटवत नाहीत, शेजारी जेवण आणतात. मी ओट्यावर भिंतीला टेकून बसलो होतो. एक एक बाई येत होती, डबा दाराशी ठेवत होती, डोक्याला पदर घेऊन आत जात होती. पिठलं, भाकरी, भात, वरण. वाफ निघत होती. मी बघत बसलो, कारण बघायला दुसरं काही नव्हतं. आणि मग माझ्या लक्षात आलं. सगळे डबे स्टीलचे. मावशीचं तेच पितळी पातेलं. गल्लीच्या टोकाला नवी भाडेकरू आलीय, कालची पोरगी, बायकोला ती धड ओळखतही नसेल, तिनं आणलेला डबासुद्धा स्टीलचा. एकावरही ठिपका नव्हता.

तेव्हा मी रडलो. ते एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर उठलो. सगळे डबे घासले, कोरड्या फडक्यानं पुसले आणि उन्हात ठेवले. हात धुतले, चांगले कोरडे केले, बरणी पुढं ओढली आणि दादरा सोडला. गाठ घट्ट होती, दात लावावे लागले. कोरड्या लाकडी चमच्यानं लोणचं खालीवर केलं. मग प्रत्येक डब्यात थोड्या थोड्या फोडी घातल्या.

पोरगी दारात येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले.

"आबा, दुःखाच्या घरातून भरून देत नाहीत. लोक काय म्हणतील?"

"तुझ्या आईनं कधी रिकामा डबा दिलेला बघितलाय तू?"

ती खाली बसली, फडकं बरणीवर ताणलं, दोरीचे वेढे दिले आणि म्हणाली, "बोट ठेवा."

मी ठेवलं. तिनं नीट बांधलं, बोट अडकवलं नाही. मला अडकवलं असतं तरी चाललं असतं.

मग मी मावशीचं पातेलं घेऊन समोर गेलो. तिनं दार उघडलं, आत बघितलं आणि पदर तोंडाला लावला. मी म्हणालो, "अजून मुरलं नाय. जरा थांबून खा, नायतर दात आंबतील." आणि पुढच्या दारी गेलो.